वादळाचा माग

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत भुवनेश्वर येथे दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी आम्ही चक्रीवादळाचा विषय घेऊन आपल्यापुढे उभे राहावे, हे काहींना विपरीत वाटण्याचा संभव आहे. नाटक, संगीत, संतवाङ्मय असे कितीतरी प्रसन्न विषय हाताशी होते. परंतु ज्या भूमीने आपणां मराठी माणसांस आसरा दिला, तिचे सुख जसे आपले झाले तसे तिचे भयही आपले झाले पाहिजे, असे आम्हांस वाटते. ओडिशाच्या किनाऱ्याचे सर्वांत मोठे भय कोणते, हे येथील कोणत्याही कोळ्यास किंवा शेतकऱ्यास विचारावे. तो समुद्राकडे बोट दाखवील.

मराठ्यांचा या प्रांताशी संबंध जुना आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल १७५१ पासून १८०३ पर्यंत कटकावर होता. पण ती माणसे घोड्यांवरून, डोंगरवाटांनी आली होती. आपणही बहुतेक पठारावरची माणसे. नोकरीच्या, बदलीच्या, व्यवसायाच्या निमित्ताने येथे आलो आणि येथलेच झालो. कोकणपट्टीतून आलेले काही सभासद सोडल्यास समुद्राच्या गोष्टी ऐकत आपण वाढलेलो नाही. त्यात योग असा की, आपला नवरात्रापासून दिवाळीपर्यंतचा सणासुदीचा काळ हाच बंगालच्या उपसागरातील भीषण वादळांचाही काळ होय. तेव्हा वादळाचा माग कसा काढला जातो, आणि तो काढल्यावर त्या ज्ञानाचे पुढे काय होते, याचा विचार आज आपण करू.

प्रथम वादळाची जातकुळी थोडक्यात पाहू. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण साडेसव्वीस अंश सेल्सिअसच्या वर गेले म्हणजे त्यावरील दमट हवा जोमाने वर चढू लागते. वर गेल्यावर तिच्यातील बाष्पाचे ढग बनतात, आणि बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेने हवा आणखी वर जाते, खाली हवेचा दाब उतरतो आणि ती उणीव भरून काढण्यासाठी चहूकडून वारे धाव घेतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे हे वारे सरळ मध्याकडे जात नाहीत; ते वळतात, आणि उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने घुमू लागतात. विषुववृत्ताच्या अगदी लगत हा वळसा मिळत नाही, म्हणून तेथे वादळे सहसा जन्मत नाहीत. अटलांटिकमध्ये यालाच हरिकेन म्हणतात, चीन-जपानकडे टायफून म्हणतात, प्रकृती एकच.

वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरला पोचला की आपले हवामान खाते त्यास चक्रीवादळ म्हणते. २२१ किलोमीटरच्या पुढे गेले की ते महाचक्रीवादळ. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. वाऱ्याचा जोर वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की भिंतीवर पडणारा दाब चौपट होतो. मध्यभागी मात्र वादळाचा 'डोळा' असतो, आणि तेथे चमत्कारिक शांतता असते. २०१४ च्या ऑक्टोबरात 'हुदहुद' वादळाचा डोळा विशाखापट्टणम् शहरावरून गेला, तेव्हा तेथील लोकांनी ही शांतता अनुभवली. अजाण माणूस अशा वेळी वादळ सरले असे समजून घराबाहेर पडतो. आणि थोड्याच वेळात वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो.

परंतु वाऱ्याहून अधिक बळी घेते ते पाणी. हवेचा दाब एका मिलिबारने उतरला की समुद्राची पातळी सुमारे एक सेंटिमीटर वर येते. मोठ्या वादळात दाब शंभर मिलिबारने उतरला तरी पाणी त्यामुळे केवळ एक मीटर चढेल. बाकीचे सारे काम वारा करतो. तो पाणी किनाऱ्याकडे ढकलत नेतो, आणि समुद्र उथळ असेल तर त्या पाण्यास खाली वाट न मिळून ते जमिनीवर चढते. बंगालचा उपसागर उत्तरेकडे उथळ आणि निमुळता. किनारा सखल, नद्यांच्या मुखांनी चिरलेला आणि माणसांनी गजबजलेला. १९७० च्या नोव्हेंबरात आजच्या बांगलादेशच्या किनाऱ्यावर एका रात्रीत किमान तीन लाख माणसे गेली असे मानले जाते. १९७७ च्या १९ नोव्हेंबरला आंध्रातील कृष्णेच्या मुखाशी दिवी तालुक्यावर असेच पाणी चढले. सरकारी गणनेप्रमाणेच सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली.

असे हे संकट येताना ओळखावे कसे, हा प्रश्न आपल्या पूर्व किनाऱ्यावर फार पूर्वीपासून विचारला गेला. 'सायक्लोन' हा जगभर रूढ झालेला शब्दच मुळी कलकत्त्यात जन्मला आहे. तेथील सागरी न्यायालयाचे अध्यक्ष हेन्री पिडिंग्टन यांनी जहाजांच्या नोंदवह्या जमवून वादळांचा अभ्यास केला आणि १८४८ साली खलाशांसाठी ग्रंथ प्रसिद्ध केला. सापाच्या वेटोळ्याचा अर्थ सुचवणाऱ्या ग्रीक शब्दावरून त्यांनी हे नाव घडवले. त्या काळी वादळाचा माग काढण्यास खलाशाजवळ दोनच साधने असत : वायुभारमापक आणि वाऱ्याची दिशा. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. वादळाचे केंद्र डाव्या अंगास असते. वारा जसजसा दिशा बदलतो तसतसे ते केंद्र कोठे सरकले हे कळते. एका जहाजास एवढे पुरे. किनाऱ्यावरील गावाला मात्र ते पुरेसे नाही, कारण त्याला शीड फिरवून वाटेतून दूर होता येत नाही.

याच पिडिंग्टन यांची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. कलकत्त्याला पर्याय म्हणून मातला नदीवर नवे बंदर उभारण्याचे घाटत होते. १८५३ साली पिडिंग्टन यांनी गव्हर्नर जनरल डलहौसी यांस पत्र लिहून बजावले की, ही जागा वादळी उधाणाच्या तोंडी आहे; एक ना एक दिवस समुद्र हे बंदर गिळील. बंदर तरीही बांधले गेले. पोर्ट कॅनिंग असे त्याचे नाव. पिडिंग्टन १८५८ साली वारले; १८६७ च्या वादळाने बंदराची धूळधाण केली. भाकीत अचूक होते, परंतु ज्याने ऐकावयाचे त्याने ऐकले नाही. श्रोतेहो, वादळाच्या मागाचा सारा इतिहास या एका हकीकतीत बीजरूपाने आहे, असे आम्हांस वाटते. वादळ समुद्रात कोठे आहे हे कळणे हा अर्धा भाग; ते ज्याच्या घरावर येणार आहे त्याला वेळेत कळणे, आणि कळल्यावर त्याला घराबाहेर पडता येणे, हा दुसरा अर्धा भाग. पहिला भाग शास्त्राचा आहे, दुसरा समाजाचा.

पहिल्या भागात आपल्या देशाने टप्प्याटप्प्याने मोठी मजल मारली. १८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्यावर भयंकर वादळ आले, आणि त्यानंतर बंदरांना इशारे देण्याची व्यवस्था सुरू झाली. १८७५ साली भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना झाली. मराठी श्रोत्यांना सांगण्यास आनंद वाटतो की, या विभागाचे मुख्यालय १९२८ पासून १९४४ पर्यंत पुण्यात होते. शिवाजीनगरच्या त्या इमारतीस पुणेकर अजूनही 'शिमला ऑफिस' म्हणतात, कारण कचेरी शिमल्याहून आली होती. तारायंत्राने आलेले दाबाचे आकडे नकाशावर मांडून, समान दाबाच्या रेषा ओढून, त्या कोठे वेटोळे घेतात हे पाहावयाचे, अशी तेव्हाची रीत. समुद्राच्या मध्यावर एखादे जहाज असेल तर तेथील खबर मिळे. नसेल तर नकाशाचा तेवढा भाग कोराच राही.

ही कोरी जागा भरून काढली ती रडारने आणि उपग्रहाने. १९७० साली विशाखापट्टणमला वादळवेधी रडार बसले. रडारच्या लहरी ढगांतील पावसावर आदळून परत येतात आणि वादळाची भिंत, तिच्यामधला डोळा स्पष्ट दिसू लागतो. मात्र रडारची नजर किनाऱ्यापासून सुमारे चारशे किलोमीटरपर्यंतच पोचते. त्यापलीकडे पाहावयाचे तर वरूनच पाहिले पाहिजे. १९८३ पासून आपल्या इन्सॅट उपग्रहाने ती सोय करून दिली. आता वादळ अंदमानच्या समुद्रात नुसते ढगांचे विस्कळीत पुंजके असतानाच त्यावर नजर खिळते.

पण चित्र दिसले म्हणजे वेग कळला असे होत नाही. अमेरिकेत विमाने वादळाच्या पोटात शिरून मोजमाप करतात. १९४३ साली टेक्सासच्या किनाऱ्यावर एका वैमानिकाने असे पहिले उड्डाण केले. आपल्याकडे अशी नित्याची व्यवस्था नाही. येथे मुख्य भिस्त आहे ती अमेरिकन शास्त्रज्ञ व्हर्नन द्वोराक यांनी १९७० च्या दशकात बसवलेल्या पद्धतीवर. ढगांचे पट्टे केंद्राभोवती किती गुंडाळले आहेत, डोळा किती रेखीव आहे, त्याच्या भोवतीचे ढग किती थंड म्हणजे किती उंच आहेत, यावरून वादळास एक ते आठ असा क्रमांक देतात आणि त्यावरून वाऱ्याचा वेग ठरवतात. अनुभवी वैद्य नाडीवरून ज्वर ओळखतो, त्यातलाच हा प्रकार. जहाजे, समुद्रात तरंगणारी यंत्रे आणि संगणकावरील गणिते यांनी ते निदान ताडून पाहावयाचे.

यानंतरचा प्रश्न वाटेचा. वादळ स्वतःच्या इच्छेने कोठे जात नाही; वरच्या थरांतील वाऱ्यांच्या प्रवाहात ते ओंडक्यासारखे वाहत जाते. तो प्रवाह मध्येच वळला की वादळही वळते, आणि प्रवाहच मंदावला तर एका जागी रेंगाळते. म्हणून वेधशाळा नकाशावर वादळाची पुढची वाट दाखवताना नुसती रेषा काढत नाही, पुढे पुढे रुंदावत जाणारा पट्टा दाखवते. पट्ट्यामधली रेषा आपल्या गावावरून गेली नाही म्हणजे आपण सुटलो, असे समजणे ही मोठी चूक होय. चोवीस तास आधी वर्तवलेल्या जागेत आणि प्रत्यक्ष जागेत पूर्वी सरासरीने शंभराहून अधिक किलोमीटरांचे अंतर पडे. आता ते शंभराच्या आत आले आहे. तथापि तेवढ्या अंतराने सारे चित्र पालटते. पश्चिमेकडे सरकणाऱ्या वादळाच्या उजव्या, म्हणजे उत्तरेकडील अंगास वारा समुद्रावरून जमिनीकडे वाहतो आणि पाणी चढते. डाव्या अंगास तो जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. वादळ पारादीपच्या दक्षिणेस उतरते की उत्तरेस, यावर गावेच्या गावे तरतील वा बुडतील हे ठरते.

आता आपल्याच अंगणातील दोन वादळे शेजारी शेजारी ठेवून पाहू.

१९९९ चा ऑक्टोबर. महिन्याच्या मध्यास गंजाम जिल्ह्यावर एक वादळ येऊन गेले होते. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, २९ ऑक्टोबरला सकाळी, पारादीपजवळ दुसरे वादळ जमिनीवर उतरले. वाऱ्याचा वेग ताशी २६० किलोमीटर, केंद्रातील दाब ९१२ मिलिबार. एरसमा आणि त्याच्या आसपासच्या सखल भागावर पाच-सहा मीटर उंचीचे पाणी चढले. जमिनीवर आल्यावर वादळाने पुढे जावयाचे, तर ते भुवनेश्वरच्या परिसरात तीसएक तास ठाण मांडून बसले. मंडळातील ज्येष्ठ सभासदांस ते दिवस स्मरत असतील. दिवाळी तोंडावर आलेली. रस्त्यांवर आडवी पडलेली झाडे. वीज नाही, पाणी नाही, दूरध्वनी मुके. राज्याची राजधानी एक दिवसाहून अधिक काळ उर्वरित जगापासून तुटली होती. सुमारे दहा हजार माणसे गेली. ओडिया भाषेत वादळास 'बात्या' म्हणतात, म्हणजे आपल्या संस्कृतातली 'वात्या'. त्या वादळास लोक 'महाबात्या' म्हणतात, आणि आजही एरवीच्या गोष्टी 'महाबात्येच्या आधी' की 'नंतर' अशा मोजल्या जातात.

वादळ दिसले नव्हते असे नाही. ते उपग्रहास दिसत होते, इशारेही निघाले होते. पण एरसम्यातील कुडाच्या घरात राहणाऱ्या माणसाने तो इशारा ऐकून जावे कोठे? पक्के निवारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. रस्ते कच्चे. आणि आदल्या पंधरवड्यातील वादळ आपल्या गावास न शिवता गेल्याने मनाची ठेवण अशी की, हेही जाईल. बंदरावर वादळाचे बावटे लावतात, ते आपल्या कोकणी बांधवांना ठाऊक आहेतच. त्यांत एकपासून दहापर्यंत धोका चढत जातो. परंतु शेवटला, अकरा नंबरचा बावटा वेगळाच आहे. वेधशाळेशी संपर्क तुटला आहे आणि येथील अधिकाऱ्यास धोका संभवतो असे वाटते, असा त्याचा अर्थ. दहाच्याही वर हा क्रमांक ठेवणाऱ्याने फार विचार केला असला पाहिजे. वादळाहून भयंकर काय, तर सांगणारा आणि ऐकणारा यांच्यामधला तुटलेला धागा. १९९९ साली खेड्याखेड्यांवर तो बावटा अदृश्यपणे फडकत होता.

आता २०१३ चा ऑक्टोबर. ८ तारखेस अंदमानच्या समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तीव्र झाले. दोन दिवसांत त्याचे अतितीव्र वादळ झाले. थायलंडने सुचवलेले 'फायलिन', म्हणजे नीलमणी, हे नाव त्यास मिळाले. ते गोपालपूरजवळ उतरेल असे हवामान खात्याने आधीच सांगितले. काही परदेशी निरीक्षकांनी त्याची तुलना १९९९ च्या महावादळाशी केली आणि आपले खाते धोका कमी लेखत आहे असाही सूर लावला. खाते आपल्या निदानावर ठाम राहिले. १२ ऑक्टोबरच्या रात्री वादळ गोपालपूरजवळच उतरले, वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. नवरात्राचे अखेरचे दिवस होते. राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या पूजेच्या सुट्या रद्द केल्या होत्या आणि जवळजवळ दहा लाख लोकांस वादळापूर्वी हलवले होते. त्या वादळात आणि नंतरच्या पुरात मिळून सुमारे पंचेचाळीस माणसे दगावली. एकही जीव क्षुल्लक नव्हे. पण दहा हजार कोठे आणि पंचेचाळीस कोठे!

ही किमया केवळ उपग्रहाची म्हणता येणार नाही, कारण उपग्रह १९९९ सालीही आकाशात होता. मधल्या चौदा वर्षांत किनाऱ्यावर खांबांवर उचललेले पक्के बहुउद्देशीय निवारे उभे राहिले. ते एरवी शाळा म्हणून वापरात असतात, त्यामुळे मुलांस आणि मुलांकरवी आईबापांस ती जागा परकी वाटत नाही. राज्याने आपत्ती-निवारणासाठी स्वतंत्र प्राधिकरण १९९९ सालीच स्थापले. गावोगाव स्वयंसेवक नेमले, त्यांना सरावास लावले. म्हाताऱ्यास कोणी उचलावयाचे, गरोदर बाईस कोणी आधी न्यावयाचे, गुरांचे दावे कोणी सोडावयाचे, हे ठरलेले असते. पुढे २०१९ च्या ३ मे रोजी 'फनी' वादळ पुरीजवळ उतरले, तेव्हा बारा लाखांवर लोक हलवले गेले आणि भ्रमणध्वनींवर कोट्यवधी संदेश धाडले गेले. फनी हे नाव बांगलादेशाने दिलेले. त्याचा अर्थ साप. पिडिंग्टन यांनी वेटोळे पाहिले त्या सापाचा आता फणाही आधी दिसू लागला आहे. तरीही साठाहून अधिक बळी गेलेच, आणि पुरीच्या परिसरातील घरे, नारळाची झाडे, विजेचे खांब भुईसपाट झाले. माणसे वाचली; संसार वाचवण्याची विद्या अजून साध्य व्हावयाची आहे.

येथे कोणी म्हणेल की, दहा वेळा लोकांस उठवावे आणि दोन वेळा वादळ हुलकावणी देऊन जावे, तर अकराव्या वेळी कोण उठेल? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच हवामान खाते इशारा चार पायऱ्यांनी देते : तीन दिवस आधी सावधगिरी, दोन दिवस आधी सूचना, एक दिवस आधी प्रत्यक्ष इशारा, आणि अखेरीस जमिनीवर आल्यावर काय होईल त्याचे वर्तमान. पहिल्या पायरीवर कोणी घर सोडावयाचे नसते. कान उघडे ठेवावयाचे असतात. ज्यास या पायऱ्या ठाऊक आहेत तो वादळ वळून गेल्यावर वेधशाळेस नावे ठेवीत नाही. विश्वास हा असा दोन्हीकडून राखावा लागतो.

आपल्या मूळ भूमीकडेही हे वारे वळू लागले आहेत. अरबी समुद्र तुलनेने शांत, अशी आपली समजूत होती. २०२० च्या ३ जूनला 'निसर्ग' वादळ अलिबागच्या दक्षिणेस उतरले आणि रायगड जिल्ह्यातील नारळी-पोफळीच्या बागा, ज्या उभ्या करण्यास एक पिढी लागते, काही तासांत आडव्या झाल्या. ओडिशाने दहा हजार जिवांचे मोल देऊन जे शिकले ते कोकणास फुकट मिळू शकते, शिकावयाचे ठरवले तर. येथे पन्नास वर्षे नांदणाऱ्या मराठी मंडळाने या दोन किनाऱ्यांमधला दुवा का होऊ नये?

आणि प्रारंभ आपल्याच घरापासून करता येईल. शहरात एकटे राहणारे वृद्ध सभासद किती, त्यांचे घर कोणत्या मजल्यावर, त्यांच्या शेजारी कोण, याची एक वही मंडळात असावी. बदलीवर नव्याने आलेल्या, ओडिया न समजणाऱ्या कुटुंबास 'बात्या' हा शब्द पहिल्याच महिन्यात कोणीतरी सांगावा. नवरात्राच्या बैठकीत कार्यक्रमपत्रिकेबरोबर, वादळाचा इशारा आल्यास कोण कोणाकडे जाईल हेही ठरावे. आपल्या सभागृहाचे छप्पर आणि पाण्याची टाकी मजबूत असेल तर ते केवळ नाटकाच्या तालमीपुरते न राहता शेजारच्या ओडिया वस्तीलाही खुले राहील. यास फार खर्च नाही. आस्था मात्र हवी.

उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरांवरून वादळाचा माग काढतो. त्याने आणलेली वार्ता गल्लीतल्या शेवटच्या घरापर्यंत नेण्याची शेवटची काही पावले मात्र कोणत्याही यंत्रास चालता येत नाहीत. ती माणसानेच चालावी लागतात. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत ती पावले चालणारे अनेक जण निपजोत, आणि अकरा नंबरचा बावटा आपल्यापैकी कोणाच्याही दारावर कधी न फडको, एवढीच सदिच्छा.